गादीतली पिसं, लग्नाची तारीख आणि वॉशिंग्टन घराण्याचा माग

व्हर्जिनिया वसाहतीतल्या नॉर्थम्बरलँड काउंटीत १७ डिसेंबर १७२० रोजी मेरी ह्यूज नावाच्या बाईनं मृत्युपत्र केलं. सगळ्यात जास्त वस्तू तिनं धाकट्या मुलीला, मेरी बॉलला ठेवल्या. पहिलीच नोंद अशी की, तिच्यासाठी एक तरुण कृष्णवर्णीय गुलाम स्त्री विकत घ्यावी. मग दोन सोन्याच्या अंगठ्या, एक घोडी, चालीचा एक तरणा घोडा आणि त्यावर बसायला रेशमी मखमलीचं खोगीर. त्यानंतर घरातल्या वस्तू येतात. शाईनं 'एम. बी.' अशी खूण केलेले टेबलावर अंथरायचे दोन कपडे, सहा ताटल्या, एक मोठं लोखंडी भांडं, तळणीचं भांडं, एक जुनी पेटी. आणि तिच्या वडिलांनी, जोसेफ बॉल यांनी, तिला ठेवलेल्या गादीला शोभतील असे पडदे, रजई आणि कांबळी.

ही गादी कुठून आली हे आपल्याला माहीत आहे, कारण जोसेफ बॉलचंही मृत्युपत्र टिकलं आहे. ते २५ जून १७११ चं आहे. मुलगी मेरीला जमीन देताना त्यानं लिहून ठेवलं की, स्वयंपाकघराच्या माळ्यावर साठवलेली सगळी पिसं तिच्या गादीत भरावीत. साडेनऊ वर्षांच्या अंतरानं, दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या कारणांनी केलेले हे कागद एका गादीपाशी एकमेकांना भेटतात. पुढे ही मेरी बॉल जॉर्ज वॉशिंग्टनची आई झाली.

वसाहतकाळातल्या अमेरिकन घराण्याची वंशावळ कशी उभी राहते, ते या एका गादीवरून समजतं. एकटा कागद नातं सिद्ध करत नाही. एकमेकांशी संगनमत करण्याचं काही कारण नसलेले दोन-तीन कागद जुळले की नातं पक्कं होतं. वंशावळीचं काम म्हणजे नावं गोळा करणं असं बरेच जण समजतात. माझ्या मते नावं हा त्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा भाग आहे. जॉन, मेरी, एलिझाबेथ, विल्यम ही नावं तेव्हा घरोघरी होती. खरं काम आहे ते या जुळणीचं.

मृत्युपत्रांवर इतका भर का, असा प्रश्न पडेल. दुसरं फारसं काही हाताशी नाही, हे त्याचं उत्तर. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय जनगणना १७९० ची. तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, बाकीच्यांची नुसती संख्या. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला १८५० पासून सुरुवात झाली. व्हर्जिनियात राज्य पातळीवर जन्म-मृत्यू नोंदवण्याची पद्धत १८५३ मध्ये आली. त्याआधी चर्चच्या वह्या होत्या, पण त्यातल्या बहुतेक ओल, वाळवी, आग आणि युद्ध यांत गेल्या. काउंटीच्या कोर्टात मात्र जमीन आणि पैशाचे कागद नकलून ठेवले जात, कारण त्यावर लोकांचे हक्क अवलंबून होते. माणूस जन्मला याची नोंद राहील न राहील. त्याला शंभर एकर मिळाले याची नोंद बहुधा राहायची.

आता मेरी ह्यूज मुळात कोण, ते पाहू. नवऱ्याचं आडनाव बॉल, मुलगी बॉल, मग ही ह्यूज कशी? जोसेफ बॉलच्या मृत्युपत्रात 'माझ्या प्रिय पत्नीची मुलगी' एलायझा जॉन्सन हिला शंभर एकर दिले आहेत. म्हणजे बायको त्याच्याकडे आली ती जॉन्सन आडनावाची मुलगी घेऊन. मेरी ह्यूजच्या मृत्युपत्रात मुलगा जॉन जॉन्सन आणि मुलगी एलिझाबेथ बोनम यांची नावं आहेत. एलायझा म्हणजे एलिझाबेथ. मधल्या काळात तिचं लग्न झालं आणि ती बोनम झाली. दोन्ही कागद शेजारी ठेवले की त्या बाईचं सगळं आयुष्य दिसतं. आधी मिस्टर जॉन्सनची बायको, मग जोसेफ बॉलची, मग रिचर्ड ह्यूजची. तीन लग्नं, आणि तिन्ही कळली ती मृत्युपत्रांतून. विवाहाची एकही नोंद उघडावी लागली नाही.

विधवेनं किंवा विधुरानं लगेच पुन्हा लग्न करणं तेव्हा सगळीकडे चालत होतं. प्लिमथ वसाहतीतलं पहिलं लग्न मे १६२१ मध्ये झालं, एडवर्ड विन्स्लो आणि सुझाना व्हाइट यांचं. सुझानाचा नवरा त्याच हिवाळ्यात गेला होता आणि एडवर्डची बायको मार्चमध्ये. एकट्यानं शेत सांभाळणं, मुलं वाढवणं अशक्य होतं. त्यामुळे एका छपराखाली तीन आडनावांची भावंडं सहज सापडतात, आणि 'भाऊ' म्हटलेला माणूस सख्खा, सावत्र, मेहुणा किंवा नुसता चर्चमधला बंधू यांपैकी कोणीही असू शकतो.

इथेच सर्वांत मोठा खड्डा आहे. मेरी ह्यूजचा मुलगा जॉन जॉन्सन यानंही मृत्युपत्र केलं. त्यात व्हर्जिनियातल्याच स्टॅफर्ड काउंटीमधली जमीन त्यानं बहीण मेरी बॉल हिला दिली. ही जमीन आपल्याला कोणी दिली, ते सांगताना त्यानं लिहिलं, 'माझे फादर-इन-लॉ रिचर्ड ह्यूज'. आजच्या अर्थानं वाचलं तर ह्यूज त्याचा सासरा ठरतो, आणि घाईचा संशोधक जॉनच्या नावापुढे ह्यूज घराण्यातली एक बायको लिहून मोकळा होतो. ती बायको कधी नव्हतीच. त्या काळच्या इंग्रजीत सावत्र बापालाही फादर-इन-लॉ म्हणत. आई ह्यूज झाली आहे हे माहीत असल्यामुळेच आपण या खड्ड्यातून वाचतो. जॉन सख्खा नव्हे, आईकडून भाऊ होता, हेही त्यातूनच कळतं.

अशी फसवी नाती बरीच आहेत. 'कझिन' म्हणून पुतण्या, भाचा किंवा भाची निघते. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हे बाप-लेकच असतील असं नाही. गावात एका नावाची दोन माणसं असली की वयानं मोठ्याला सीनियर म्हणत, मग काका-पुतणे असोत की परके. मोठा वारला की ज्युनियर आपोआप सीनियर व्हायचा, म्हणजे एकाच माणसाची ओळख मधेच बदलायची. 'मिसेस' हा मान होता, त्यावरून लग्न झालंय असं धरता येत नाही. कायद्याच्या कागदात 'इन्फंट' म्हणजे तान्हं बाळ नव्हे, एकवीस वर्षांखालचं कोणीही. 'माझी आत्ताची बायको' या शब्दांवरून आधीची एखादी होती असं अनेक जण ठरवून टाकतात. पण ती वकिली भाषा होती. मी मेल्यावर हक्क हिचा, पुढेमागे दुसरी केली तर तिचा नव्हे, एवढाच तिचा अर्थ.

मृत्युपत्रात जे नाव नाही, त्याचाही अर्थ लावावा लागतो. व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे जायची. हा नियम १७८५ च्या कायद्यानं रद्द झाला. म्हणून कधी कधी बाप थोरल्याचं नावच घेत नाही, कारण त्याचं त्याला मिळणारच असतं किंवा आधीच मिळालेलं असतं. मॅसॅच्युसेट्समध्ये वाटणी सगळ्या मुलांत व्हायची आणि थोरल्याला दुप्पट हिस्सा मिळायचा. लग्न झालेल्या मुलीला हुंड्यात तिचा वाटा दिलेला असेल तर तिच्या नावापुढे फक्त एक शिलिंग दिसतो. तो राग असेलही, पण बहुतेक वेळा हिशेब पुरा झाल्याची ती खूण असते. लेकीशी बापाचं भांडण झालं होतं, अशा कथा केवळ एका शिलिंगवर रचलेल्या वाचल्या की मला त्या लेकीची कीव येते.

म्हणून मृत्युपत्रावर थांबू नये. त्याच्यामागे कागदांची पूर्ण रांग असते. मृताच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकानं कोर्टाला दिलेली हमी, शेजाऱ्यांनी घरात फिरून केलेली चीजवस्तूंची यादी, देण्याघेण्याचा हिशेब आणि शेवटी वाटणी. या वाटणीत मुलींचा हिस्सा जावयांच्या हाती दिल्याची नोंद असते, आणि अनेक मुलींच्या लग्नाचा एकमेव पुरावा तोच असतो. बाई लग्न झालेली असेल तर नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला सहसा मृत्युपत्र करता येत नसे. म्हणून बायकांची जी मृत्युपत्रं सापडतात ती जवळजवळ सगळी विधवांची किंवा अविवाहितांची. संख्येनं ती कमी आहेत, पण माझ्या मते ती पुरुषांच्या मृत्युपत्रांपेक्षा जास्त बोलकी असतात. पुरुष एकर मोजतो. बाई कोणता झगा कोणाला ते सांगते. मेरी ह्यूजनं काळ्या-पांढऱ्या छिटाचा पोशाख एलिझाबेथला दिला आणि उरलेले सगळे कपडे मेरीला. शिवाय मेरी सज्ञान होईपर्यंत कॅप्टन जॉर्ज एस्क्रिज यांनी तिचा सांभाळ करावा असं लिहिलं. मेरीनं पहिल्या मुलाचं नाव जॉर्ज ठेवलं ते या पालकावरून, असं सांगतात.

आता लग्नाच्या नोंदी. व्हर्जिनियात लग्न करायचे दोन मार्ग होते. चर्चमध्ये ओळीनं तीन रविवार नावं पुकारायची, किंवा काउंटीच्या कारकुनाकडून परवाना घ्यायचा. परवान्यासाठी १६६० नंतरच्या कायद्यानुसार नवऱ्या मुलाला एका जामीनदारासह हमीपत्र द्यावं लागे. या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही, असेल तर अमुक इतके पौंड भरू, असा त्याचा आशय. कोणी एकवीस वर्षांखालचं असेल तर बापाची किंवा पालकाची लेखी संमती जोडावी लागे, आणि ती चिठ्ठी टिकली असेल तर बापाचं नाव आयतं मिळतं.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवायच्या. हमीपत्र हा लग्न झाल्याचा पुरावा नाही, ठरल्याचा आहे. त्यावरची तारीख लग्नाची तारीख म्हणून वंशावळीत लिहू नये. आणि जामीनदाराचं नाव कधीही सोडू नये. परका माणूस दुसऱ्याच्या लग्नासाठी पैशाची जोखीम सहसा घेत नाही. तो बऱ्याचदा मुलीचा भाऊ, बाप किंवा चुलता असतो. वधूचं माहेर शोधायचं असेल तर मी आधी जामीनदाराचा माग काढीन.

तारखांचा घोळ मात्र याहून मोठा आहे. इंग्रजांच्या वसाहतींत १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर चालत होतं आणि नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस यांना जोडवर्ष लिहीत, म्हणजे जुन्या आणि नव्या पद्धतीचं वर्ष शेजारी शेजारी. वॉशिंग्टन घराण्याच्या बायबलमध्ये ऑगस्टीन वॉशिंग्टन आणि मेरी बॉल यांचं लग्न ६ मार्च १७३०/३१ रोजी झाल्याची नोंद आहे, आणि जॉर्जचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१/३२ चा. आता समजा, एखाद्या नकलाकारानं लग्नाचं वर्ष नव्या पद्धतीनं १७३१ लिहिलं आणि जन्माचं जुन्या पद्धतीनं तेही १७३१. जॉर्ज आईबापांच्या लग्नाआधी जवळजवळ महिनाभर जन्मला, असं दिसेल. खरं अंतर अकरा महिन्यांचं आहे. दोन्ही तारखांना एकच पद्धत लावली की घोळ संपतो. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, अकरा दिवस गाळले गेले. वॉशिंग्टनचा जन्मदिवस २२ फेब्रुवारीला साजरा होतो तो त्यामुळेच.

बाकीच्या वसाहतींची तऱ्हा निराळी होती. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन लोकांना लग्न हा धार्मिक संस्कार वाटत नव्हता. सुरुवातीची लग्नं दंडाधिकारी लावत आणि गावचा कारकून नोंद ठेवी, म्हणून तिथली संशोधनं सोपी. पेन्सिल्व्हेनियातल्या क्वेकर पंथीयांकडे पुरोहितच नव्हता. त्यांच्या लग्नपत्रावर हजर असलेले सगळे सही करत, आणि ते एक पान म्हणजे दोन्हीकडचा गोतावळा. ते महिन्यांना नावाऐवजी आकडा लिहीत. १७५२ पूर्वी त्यांचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च. डच लोकांच्या न्यू ॲमस्टरडॅममध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमध्ये, चर्चच्या नोंदी १६३९ पासून मिळतात. त्यांत लग्नानंतरही बायका माहेरचं नाव लावतात आणि नवराबायको मिळून एकच मृत्युपत्र करतात.

समुद्र ओलांडून इंग्लंडमधलं गाव शोधणं हा सगळ्यात अवघड टप्पा. वॉशिंग्टनचे पणजोबा जॉन १६५६-५७ च्या सुमारास तंबाखूच्या व्यापारी जहाजावरून व्हर्जिनियात आले. ते कुठले? १७९१ मध्ये लंडनच्या सर आयझॅक हर्ड यांनी वंशावळ मांडली. इंग्लंडमधल्या सलग्रेव्ह गावच्या वॉशिंग्टन घराण्यात जॉन आणि लॉरेन्स हे दोन भाऊ सापडले, व्हर्जिनियातही जॉन आणि लॉरेन्स हे भाऊ होते, म्हणून तेच हे. नावं जुळली म्हणजे माणसं जुळली, ही ती जुनी चूक. १८६६ मध्ये जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनी ती खोडून काढली. हर्ड यांचा जॉन हा राजाकडून 'नाइट' हा किताब मिळालेला सर जॉन होता, आणि व्हर्जिनियातल्या जॉनला कोणी कधी 'सर' म्हटलेलं नाही.

खरं उत्तर हेन्री वॉटर्स यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि ते मृत्युपत्रांच्या ढिगाऱ्यातून आलं. ट्रिंग गावच्या अँड्र्यू नोलिंग यांचं १६५० चं मृत्युपत्र त्यांना सापडलं. त्यात धर्मपुत्र लॉरेन्स वॉशिंग्टन, त्याची आई ॲम्फिलिस आणि तिची मुलं जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था अशी नावं आहेत. नोलिंग ॲम्फिलिसला 'डॉटर-इन-लॉ' म्हणतात. ती त्यांची सून नव्हती, सावत्र मुलगी होती. आता समुद्रापलीकडे पाहा. व्हर्जिनियात जॉन आणि लॉरेन्स हे भाऊ, आणि जॉनच्या १६७५ च्या मृत्युपत्रात इंग्लंडहून आलेली बहीण मार्था. या मार्थानं १६९७ मध्ये स्वतःचं मृत्युपत्र केलं तेव्हा इंग्लंडमधल्या एलिझाबेथ आणि मार्गारेट या बहिणींची आठवण ठेवली. थोरल्या एलिझाबेथला एक टन चांगली वजनदार तंबाखू पाठवायला सांगितली. एक जॉन जुळणं हा योगायोग असू शकतो. जॉन, लॉरेन्स, मार्था, एलिझाबेथ, मार्गारेट ही सगळी भावंडं दोन्ही किनाऱ्यांवर जुळणं योगायोग नसतो.

ॲम्फिलिसचा नवरा म्हणजे इंग्लंडमधल्या पर्ली गावचा पाद्री लॉरेन्स वॉशिंग्टन. हर्ड यांनी ज्याला व्हर्जिनियात गेलेला धाकटा भाऊ ठरवलं होतं तोच हा, आणि प्रत्यक्षात तो त्या भावांचा बाप निघाला. सलग्रेव्ह बरोबर होतं, पिढी चुकली होती.

अमेरिकन श्रीमंतांना इंग्लंडमधलं खानदान हवं असायचं, आणि ती हौस पुरवणारेही होते. गुस्ताव अँजू या इसमानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पैसे घेऊन वंशावळी तयार केल्या. खऱ्या कागदांच्या मधे तो रचलेली मृत्युपत्रं आणि चर्चच्या नोंदी बसवायचा. त्याच्या वंशावळी आजही घरोघरच्या नकलांतून फिरताहेत. म्हणून छापील पुस्तकात मृत्युपत्राचा उतारा दिला असेल तरी काउंटीच्या वहीतली नक्कल स्वतः पाहावी. व्हर्जिनियातल्या काही काउंट्यांत ती वहीच उरलेली नाही. ग्लॉस्टरची कचेरी १८२० मध्ये जळाली, आणि त्यानंतरची दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला नेली तर ती एप्रिल १८६५ च्या आगीत गेली. अशा वेळी शेजारच्या काउंटीतली जमिनीची खतं, कर भरल्याच्या याद्या आणि भाऊबंदांचे दावे पाहावे लागतात. भाऊबंदकीचा खटला तर सोन्याची खाण. तीन पिढ्यांची नाती वकिलानं स्वतः मांडलेली असतात.

मेरी ह्यूजच्या मृत्युपत्रात जिला विकत घ्यायला सांगितलं आहे, त्या स्त्रीला नाव नाही. गुलामांना कायद्यानं लग्न करता येत नव्हतं, म्हणून हमीपत्र नाही, पुकारा नाही. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत, पण त्यांतही फक्त मालकाचं नाव, आणि गुलामाचं वय, लिंग, वर्ण. बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांची नावं जनगणनेत प्रथम दिसतात ती १८७० मध्ये. त्यामागे जायचं तर मालकाच्या घराण्याची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या वाचाव्या लागतात, कारण माणसांची नावं तिथे, घोडे आणि भांड्यांच्या रांगेत लिहिलेली आहेत. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्यानं मूल आईच्या स्थितीला बांधलं. आई गुलाम तर मूल गुलाम. म्हणून या वंशावळी आईकडून आईकडे अशा मागे जातात. ज्याला वसाहतकाळाचा अभ्यास करायचा आहे त्यानं ही पानं उलटून पुढे जाऊ नये. पणजोबांचा शोध घेणाऱ्या गोऱ्या संशोधकाच्या हातात नेमका तो कागद असतो, जो दुसऱ्या एखाद्या घराण्याला कुठेच सापडणार नाही. त्यानं ती नावं उतरवून सगळ्यांसाठी खुली करायला हवीत.

अशा कागदांत १७९९ ची माउंट व्हर्ननची, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनच्या व्हर्जिनियातल्या शेतवाडीची, यादी मोलाची आहे. मृत्युपत्र करताना जॉर्ज वॉशिंग्टननं तिथल्या ३१७ गुलामांची मोजदाद केली. नाव, वय, कोणत्या शेतावर, नवरा किंवा बायको कोण आणि ती कोणाच्या मालकीची, सगळं लिहिलं. कायद्यानं ज्यांना लग्न नाकारलं त्यांच्या लग्नांची नोंद त्या यादीत राहिली. मालकी कोणाची, हा प्रश्न एका न केलेल्या मृत्युपत्रातून आला होता. मार्था वॉशिंग्टनचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. विधवेला एक तृतीयांश मालमत्ता मिळाली ती फक्त तिच्या हयातीपुरती, नंतर ती कस्टिस वारसांची. त्या वाट्यातल्या माणसांना मुक्त करण्याचा अधिकार जॉर्जलाही नव्हता आणि मार्थालाही.

म्हणून या यादीतली अनेक जोडपी दोन मालकींत विभागलेली आहेत. वॉशिंग्टनच्या मालकीची माणसं मार्थानं १ जानेवारी १८०१ रोजी मुक्त केली. त्यांच्या कस्टिस वाट्यातल्या बायका, नवरे, मुलं गुलामच राहिली. १८०२ मध्ये मार्था वारली आणि ती माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. त्यांच्या वंशजांना आज पुढचा माग काढायचा असेल तर तो एलायझा, मार्था, नेली आणि जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस या चौघांच्या कागदांत काढावा लागतो.